विनोदी चित्रपटाची ब्लू-रे डिस्क: चित्र पारखायचं कसं?

ब्लू-रेचं, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या जास्त बारीक चित्राच्या डिस्कचं, चित्र पारखायला बसलं की लोक हमखास युद्धपट, अंतराळपट किंवा जंगलाचे माहितीपट लावतात. विनोदी चित्रपटाच्या डिस्कबद्दल मात्र "प्रिंट क्लिअर आहे" एवढ्यावर विषय संपतो. मला हे पटत नाही. विनोदाचा सगळा खेळ चेहऱ्यावर, नजरेवर आणि चौकटीच्या कोपऱ्यातल्या माणसाच्या प्रतिक्रियेवर चालतो. पुढे दोघं हमरीतुमरीवर आलेले असतात आणि मागे दारातून तिसरा चपला हातात घेऊन हळूच आत शिरत असतो. तो तिसरा नीट दिसला नाही तर अर्धा विनोद गेला. अशा डिस्कची पारख उलट जास्त बारकाईनं व्हायला हवी.

पारखताना प्रश्न एकच धरून ठेवा: हा चित्रपट थिएटरच्या पडद्यावर जसा दिसायचा, त्याच्या किती जवळ ही डिस्क आपल्याला नेते? विनोदी चित्रपट बहुतेकदा भरपूर, सगळीकडे सारख्या उजेडात चित्रित होतात, कारण नटांना खोलीभर मोकळं फिरता आलं पाहिजे आणि पाच-सहा चेहरे एकाच वेळी दिसले पाहिजेत. गडद सावल्या, धूसर पार्श्वभूमी, झगमगते रंग त्यात मुळातच नसतात. जे चित्रपटात नव्हतं ते डिस्कवर नाही म्हणून नावं ठेवू नका, आणि जे चित्रपटात होतं ते डिस्कवरून पुसलं गेलं असेल तर गप्पही बसू नका.

पायरी पहिली: खोली आणि टीव्ही

लहान घराचा इथे फायदा होतो. १०८० ओळींच्या चित्रातला सगळा तपशील डोळ्यांना दिसायला चित्राच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर बसावं लागतं. ४३ इंची टीव्हीच्या चित्राची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर, म्हणजे बसायचं अंतर सव्वापाच फूट. ५५ इंचीला पावणेसात फूट. गिरगावातल्या चाळीत किंवा डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये पलंगाच्या कडेला बसलं की हे अंतर आपोआप जमतं. बारा फुटांवर सोफा टाकून ४३ इंची टीव्ही पाहणाऱ्याला डीव्हीडी आणि ब्लू-रेमधला फरक कळला नाही, तर दोष डिस्कचा नव्हे.

दुपारी गॅलरीतून येणारा उजेड काळ्या रंगाचा राखाडी करून टाकतो, त्यामुळे दिवेलागणीनंतर बसा. पूर्ण अंधारही नको, डोळे लवकर थकतात. टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद दिवा लावा. आपल्याकडे 'कूल डेलाइट' म्हणून जे एलईडी दिवे मिळतात त्यांच्या खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असतं. टीव्हीवरच्या पांढऱ्या रंगाचं प्रमाणही जवळपास तेच आहे, म्हणून असा दिवा मागे असला की डोळ्यांची फसगत कमी होते. पिवळ्या बल्बच्या उजेडात हेच चित्र निळसर वाटू लागतं.

आता टीव्हीची सेटिंग. दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' मोड लावलेला असतो, आणि कित्येक घरांत तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. तो बदलून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा. रंगाचं तापमान 'वॉर्म' ठेवा. पहिले दोन दिवस सगळं पिवळट वाटेल, मग डोळ्यांना सवय होते आणि जुन्या सेटिंगवर परत गेलात तर तीच निळी वाटू लागते. शार्पनेस कमी करत जा: डिस्कच्या मेन्यूतल्या अक्षरांभोवती पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबा. चित्र चारही बाजूंनी थोडं कापणारी सोय बंद करा. ती 'जस्ट स्कॅन', 'फुल पिक्सेल', 'स्क्रीन फिट' अशा नावांखाली लपलेली असते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद करा. सोनीच्या टीव्हीवर ती 'मोशनफ्लो', एलजीवर 'ट्रूमोशन', सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी' या नावानं असते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ही सोय दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाच्या फ्रेम घुसवते, आणि मग मोठ्या पडद्याचा चित्रपट दूरदर्शनच्या मालिकेसारखा दिसू लागतो. विनोदात याचा फटका फार बसतो. कानाखाली बसलेली चपराक, केळ्याच्या सालीवरून घसरलेला पाय, वळून पाहण्याचा झटका, या सगळ्यांचा ठसका त्या २४ फ्रेमच्या लयीत आहे.

प्लेअरमध्ये '२४पी आउटपुट' ऑटोवर ठेवा. केबलसाठी जास्त पैसे घालवू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारी साधी, धड चालणारी एचडीएमआय केबल १०८०पी चित्रासाठी पुरते. चित्र एक तर पूर्ण येतं, नाही तर अडकतं, चमकतं, गायब होतं. महागड्या केबलनं रंग खुलत नाहीत.

पायरी दुसरी: डिस्कची कुंडली

ब्लू-रे २००६ मध्ये बाजारात आली. तिच्यावर १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र मावतं. आपल्याकडच्या डीव्हीडीवर ते ७२० बाय ५७६ चं असे. एका थराच्या ब्लू-रेवर २५ जीबी, दोन थरांच्यावर ५० जीबी माहिती बसते. हा फरक हिंदी-मराठी चित्रपटांना जास्त लागू पडतो, कारण आपला चित्रपट अडीच तासांचा. हिशोब करून पाहा: २५ जीबीच्या डिस्कवर आवाज, मेन्यू वगैरेंना चार जीबी दिले तर चित्राला २१ उरतात. ते १५० मिनिटांवर पसरले की सेकंदाला १८-१९ मेगाबिट पडतात. ब्लू-रेवर चित्रासाठी जास्तीत जास्त ४० मेगाबिटची परवानगी आहे. १८ मेगाबिटमध्ये स्वच्छ, आधुनिक डिजिटल चित्र उत्तम राहतं. जुन्या, ग्रेन (फिल्मवरचे बारीक, थरथरते ठिपके) असलेल्या फिल्मची मात्र ओढाताण होते. दीड तासाच्या परदेशी विनोदी चित्रपटाला हीच डिस्क ऐसपैस पुरते. बऱ्याच प्लेअरांवर 'डिस्प्ले' किंवा 'इन्फो' बटण दाबलं की हा आकडा चालू चित्रावर दिसतो. आकड्यावरून निकाल देऊ नका, पण कुठे बारकाईनं पाहायचं ते तो सांगतो.

खोक्यावरचं '१०८०पी' हे फक्त भांड्याचं माप आहे, आत काय ओतलंय ते त्यावरून कळत नाही. '४के स्कॅनवरून' (म्हणजे फिल्म चौपट ठिपक्यांत डिजिटल करून) असं लिहिलेलं असेल तर ते जास्त कामाचं. १०८० ओळींच्या डिस्कवरसुद्धा चांगल्या स्कॅनचा फरक दिसतो. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे डिस्कचं जुनं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, आणि दुकानात उभं राहून खोका उलटसुलट वाचण्याची सोयही बरीचशी गेली. आता बहुतेक डिस्क पोस्टानं मागवाव्या लागतात, त्यामुळे मागवण्याआधी विभाग बघा: ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे विभाग पाडलेले आहेत, आणि भारत 'सी'मध्ये येतो. परदेशी डिस्क 'सी'मध्ये किंवा सर्व विभागांत चालणारी नसेल तर इथल्या प्लेअरवर ती उघडणारच नाही.

पायरी तिसरी: एकदा नुसता चित्रपट पाहा

पहिल्या वेळी हातात रिमोट घेऊ नका. हसा, रमा. जिथे चित्रानं तुम्हाला गोष्टीतून बाहेर काढलं, तेवढीच जागा कागदावर टिपून ठेवा. सुरुवातीपासूनच दर मिनिटाला चित्र थांबवून दोष शोधणारा माणूस किरकोळ गोष्टींचा बाऊ करतो आणि मोठी गोष्ट त्याच्या नजरेतून सुटते.

पायरी चौथी: चेहरा

दुसऱ्या वेळी सगळ्यात आधी चेहरे पाहा. त्यासाठी ग्रेन म्हणजे काय हे समजून घ्यायला हवं. फिल्मवर प्रतिमा उमटते ती चांदीच्या क्षारांच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते आणि तिच्या जागी रंगाचे बारीक ठिपके उरतात. प्रत्येक फ्रेममध्ये हे ठिपके वेगळ्या जागी असतात, म्हणून चालू चित्रात एक बारीक, जिवंत थरथर दिसते. हाच ग्रेन. नवख्या माणसाला तो कचरा वाटतो, पण चित्र त्याच ठिपक्यांचं बनलेलं आहे. दिवसाउजेडी घेतलेल्या दृश्यांत तो बारीक असतो. रात्रीच्या किंवा कमी उजेडातल्या दृश्यांत जास्त संवेदनशील फिल्म वापरावी लागते, म्हणून तिथे तो जाडसर होतो. हा फरक डिस्कवर दिसत असेल तर ते चांगलं लक्षण आहे.

डिस्क काढणाऱ्या काही कंपन्या हा ग्रेन सॉफ्टवेअरनं पुसतात. त्या पुसण्याला सगळे डीएनआर (डिजिटल नॉइज रिडक्शन) म्हणतात. थोडं, हलक्या हातानं केलं तर चालून जातं. जास्त झालं की ग्रेनबरोबर कातडीची रंध्रं, दाढीचे खुंट, कपाळावरच्या आठ्या, सगळंच वाहून जातं आणि चेहरा मेणाचा होतो.

हे पकडायचं कसं? चित्रपटातला असा एक क्लोजअप शोधा ज्यात नट बोलत नाहीये, फक्त ऐकतोय. समोरचा थापा मारतोय. थाप लक्षात येते तशी नटाची एक भुवई जराशी वर जाते, डोळ्याच्या कडेला दोन सुरकुत्या पडतात, ओठ दाबले जातात, हसू आवरताना गाल किंचित थरथरतो. चांगल्या डिस्कवर यातली प्रत्येक गोष्ट वेगळी दिसते. वरच्या ओठावर घामाचे थेंब असतील, कारण सेटवरचे दिवे प्रचंड तापत, तर तेही दिसतात. ग्रेन पुसून गिलावा केलेल्या डिस्कवर भुवई हलते, पण सुरकुत्या पडत नाहीत. एक गुळगुळीत गाल जागच्या जागी सरकतो. नटानं कमावलेला अभिनय आपल्यापर्यंत पोचतच नाही. मला डीएनआरचा राग येतो तो यासाठी. चटकन ओळखायची खूण अशी: डोकं हललं की गालावरचा पोत पुसला जातो आणि डोकं थांबलं की परत उगवतो. त्याच वेळी मागच्या भिंतीकडेही बघा. माणसं हलतायत आणि भिंतीवरचा ग्रेन मात्र गोठून बसलाय, असं असेल तर शंका उरत नाही.

वेषांतराच्या चित्रपटांत आणखी एक कसोटी आयतीच मिळते. पुरुष पात्रानं साडी नेसलीय, टोप घातलाय, किंवा कुणी खोट्या मिशा लावून जहागीरदार बनलाय. कपाळाजवळ टोपाची जाळी दिसते का? मिशीच्या कडेला डिंकाची चकाकी दिसते का? गालावरच्या पावडरीचा थर मानेपाशी संपतो ती रेघ दिसते का? दिसत असेल तर डिस्कला गुण द्या. कित्येक जण ही गोष्ट "एचडीमुळे मेकअप उघडा पडला" म्हणून दोषांच्या यादीत टाकतात. तो सगळा मेकअप कॅमेऱ्यासमोर खरोखरच होता, आणि डिस्कनं तो लपवला नाही.

पायरी पाचवी: मुंबईचा रस्ता

इथे घडणाऱ्या जुन्या विनोदी चित्रपटांत पाठलाग, टॅक्सीतलं भांडण किंवा नोकरीच्या शोधातली पायपीट असतेच असते. ही बाहेरची दृश्यं म्हणजे आपल्यासाठी तयार चाचणीपट्टी आहे. त्यांतल्या वस्तू आपल्या नजरेत मुरलेल्या असल्यामुळे फसगत होत नाही.

काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी घ्या. तिचं पिवळं टप आणि मागचं आभाळ यांच्यामधली कड पाहा. कडेला लागून पांढरी किंवा काळी बारीक रेघ उमटलेली असेल, तर चित्र कृत्रिमपणे धारदार केलंय. हीच रेघ टेलिफोनच्या तारांना, दिव्याच्या खांबांना आणि नटाच्या काळ्या केसांनाही चिकटलेली सापडेल. लांबून पाहणाऱ्याला चित्र खणखणीत वाटतं, पण त्यात नवा तपशील काहीच नसतो.

बेस्टची लाल बस ही रंगाची परीक्षा. डिस्कवर उजेडाची माहिती पूर्ण १९२० बाय १०८० मध्ये असते, पण रंगाची माहिती त्याच्या निम्म्या मापांत, ९६० बाय ५४० मध्येच साठवलेली असते. एरवी डोळ्यांना हे जाणवत नाही. गडद लाल रंगाच्या कडांना मात्र सगळ्यात आधी कळतं. बसची कड पायरीपायरीची दिसते का, लाल रंग रेषेबाहेर सांडतो का, ते पाहा. मग बसच्या कपाळावरचा देवनागरी आकडा वाचून पाहा. बस रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला असताना आकडा वाचता आला तर स्कॅन उत्तम आहे. लालची छटाही तपासा. जुन्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या आणि पद्मिनी टॅक्सी पुढच्याच महिन्यात. ज्यांनी त्यांतून वर्षानुवर्षं प्रवास केलाय त्यांच्या डोळ्यांत तो रंग पक्का बसलेला आहे. विशीतल्या वाचकांनी घरातल्या मोठ्या माणसांना शेजारी बसवावं. ही मदत कुठल्याही यंत्रापेक्षा भरवशाची आहे.

बस विटकरी, माणसं गुलाबी आणि झाडं तपकिरी दिसत असतील, तर मूळ प्रिंट विटलेली होती. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळ्यावर लालसर झाक चढते. याउलट पांढरे सदरे, दात आणि चुन्याच्या भिंती, सगळ्यांवरच मोरपंखी छटा असेल आणि ती पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंत हटत नसेल, तर हल्लीच्या पद्धतीनं रंग बदललेले आहेत. ऐंशीच्या दशकातल्या चित्रपटाला तो साज शोभत नाही, आणि निकालात तसं स्पष्ट लिहावं.

मरीन ड्राइव्हचं दृश्य असेल तर समुद्राकडे बघा. लाटांमध्ये प्रत्येक फ्रेम वेगळी असते, त्यामुळे कॉम्प्रेशनची, म्हणजे चित्राची माहिती दाबून डिस्कवर बसवण्याची, खरी कसरत तिथेच होते. पाण्यात चौकोन चौकोन दिसू लागले किंवा लाटा मध्येच लिबलिबीत झाल्या तर माहिती कमी पडली आहे. पावसातल्या गाण्यातही हेच. संध्याकाळच्या आभाळात रंग हळूहळू बदलण्याऐवजी पट्टे पडलेले असतील तर त्याचीही नोंद घ्या. कॅमेरा इमारतीवरून फिरताना खिडक्यांचे गज आणि झडपांच्या फळ्या लुकलुकतात का, हेही एकदा पाहा. नायकाचा बारीक रेघांचा शर्ट त्याच कामाला येतो.

पायरी सहावी: मूळ प्रत कोणती होती?

इतकं पाहून झालं की डिस्क कशावरून केली हे बरंचसं ओळखता येतं. सगळ्यात चांगली मूळ निगेटिव्ह, त्यानंतर तिच्यावरून केलेली मधली प्रत, आणि सगळ्यात शेवटी थिएटरात फिरलेली प्रिंट. डाग वाचायला शिका. निगेटिव्हवर धूळ बसली तर तिथून उजेड जात नाही आणि पुढच्या प्रतीवर पांढरा ठिपका उमटतो. प्रिंटवर धूळ बसली तर ठिपका काळा दिसतो. चित्रभर काळे ठिपके आणि उभे हिरवट ओरखडे असतील, तर थिएटरात चाललेली प्रिंटच स्कॅन केली आहे. वीसेक मिनिटांनी उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला क्षणभर गोल ठिपका चमकून जातो का, तेही पाहा. रीळ बदलायची वेळ झाली हे प्रोजेक्शन खोलीतल्या माणसाला कळावं म्हणून तो असे. प्रिंटमध्ये कॉन्ट्रास्टही जास्त असतो: पांढऱ्या धोतराच्या चुण्या दिसत नाहीत आणि काळ्या कोटाचा नुसता डाग होतो.

एक गोष्ट मात्र डिस्कच्या माथी मारू नका. जुन्या चित्रपटांत श्रेयनामावली, एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळत जाणं, पडदा दुभंगून दोन टोकांचे फोन एकत्र दाखवणं, हे सगळं ऑप्टिकल प्रिंटर या यंत्रावर, फिल्मवरून फिल्मची एक प्रत आणखी करून होत असे. त्यामुळे तेवढा तुकडा मऊ आणि जास्त ग्रेनचा दिसतो. दृश्य विरघळून संपलं, कट आला आणि चित्र एकदम टवटवीत झालं, तर समजा की डिस्कमध्ये लपवाछपवी नाही. विमान उतरताना, आगगाडी धडधडत जाताना वापरलेले उसने तुकडेही असेच खरखरीत असतात.

डीव्हीडीसाठी केलेलं जुनंच चित्र मोठं करून ब्लू-रेवर घातलेलंही आढळतं. ते ओळखायला सगळी पात्रं एका चौकटीत उभी असलेलं लांबचं दृश्य घ्या. मागच्या रांगेतल्या माणसाचे डोळे कुठे वळलेत ते कळायला हवं. भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं ठळक अक्षर लागायला हवं. ३५ मिलीमीटर फिल्मवर एवढा तपशील सहज असतो. डीव्हीडी घरात असेल तर तेच दृश्य दोन्हीवर लावा. ब्लू-रेवर कडा तेवढ्या जाड झाल्यात आणि नवं काहीच दिसत नाही, तर पैसे वाया गेले.

नजर तयार करायची असेल तर थिएटरात जा. फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही मुंबईतली संस्था २०१४ पासून जुन्या चित्रपटांचं जतन आणि पुनरुज्जीवन करते आहे. तिनं जपलेल्या प्रती शहरात लागतात तेव्हा वेळ काढा. नीट स्वच्छ केलेला, तरीही ग्रेन शाबूत असलेला चित्रपट मोठ्या पडद्यावर एकदा पाहिला की घरच्या टीव्हीवरचा मेणचट चेहरा लगेच खटकू लागतो.

पायरी सातवी: चौकट आणि हालचाल

जुना चित्रपट जवळपास चौरस चौकटीचा असेल तर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे यायलाच हवेत. टीव्ही भरावा म्हणून वरून-खालून चित्र कापलं असेल तर नटांच्या डोक्याचे शेंडे जातात, आणि हातातली जी वस्तू विनोदासाठी दाखवायची होती ती खाली गडप होते. रुंद चित्रपट बाजूंनी कापला तर कडेला उभं राहून तोंड वेंगाडणारा मित्रच चौकटीबाहेर जातो. श्रेयनामावलीची अक्षरं कडेला टेकलेली दिसली की कात्री चालली असं समजा.

वेगवान हालचालीत हाताच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसल्या, तर चित्र एकाआड एक ओळींचं, म्हणजे १०८०आय आहे. चित्र थांबवल्यावर एकाच फ्रेममध्ये दोन धूसर हात दिसले, तर ते दुसऱ्या वेगाच्या टेपवरून बदलून घेतलेलं आहे. फ्रेम थांबवून पाहायची ती एवढ्याच कामासाठी. बाकी सगळा निवाडा चालू चित्रावर करा, आणि टीव्हीचा मोबाइलवर फोटो काढून तर अजिबात करू नका.

डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झालेल्या अलीकडच्या विनोदी चित्रपटांत यातलं फारसं काही सापडत नाही. तिथे साध्या रंगाच्या भिंतींवरचे पट्टे आणि अंधाऱ्या दृश्यांतली घाण एवढं पाहिलं की पुरतं.

पायरी आठवी: डिस्क खराब की काम खराब?

पावसाळ्यात आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की कपाटातल्या डिस्कवर आणि खोक्यातल्या कागदावर बुरशी धरते. पण मळलेली किंवा ओरखडलेली डिस्क चित्र मऊ करत नाही, रंगही फिके करत नाही. ती अडकते, चौकोन उडवते किंवा पुढे सरकतच नाही. मऊपणा आणि फिकेपणा मूळ प्रतीतून किंवा डिस्क तयार करणाऱ्याच्या कामातून येतात. एकाच जागी अडकत असेल तर मऊ कापडानं मधून बाहेरच्या दिशेला, सरळ रेषेत पुसा. गोल गोल नको. तरीही तिथेच अडकली तर बदलून मागा. अडचण खरेदीनंतर आठवड्याभरात कळावी म्हणून डिस्क आल्याबरोबर एकदा शेवटपर्यंत चालवून घ्या. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पावसाळ्याआधी बदला.

पायरी नववी: निकाल लिहिणं

नुसते तारे देऊ नका. टीव्ही किती इंची, किती अंतरावरून पाहिला, कोणत्या मोडवर, हे आधी लिहा. मग मूळ चित्रणाचे गुणदोष, प्रत स्वच्छ करण्याचं काम आणि डिस्कवर उतरवण्याचं काम, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा आणि प्रत्येक शेऱ्याला वेळ जोडा. एका काल्पनिक चित्रपटाची नोंद अशी दिसेल:

"५५ इंची टीव्ही, सात फूट, सिनेमा मोड. चौकट मूळ मापाची, दोन्ही बाजूंना पट्टे. ग्रेन शाबूत, ०:४१:१० च्या रात्रीच्या दृश्यात जाड, पण नैसर्गिक. चेहऱ्यांवर तपशील भरपूर, ०:२२:३५ ला घरमालकाच्या कपाळावरच्या आठ्या मोजता येतात. १:०५:०० च्या आसपास पांढरे ठिपके, म्हणजे काम निगेटिव्हवरून झालंय पण या रिळाची सफाई अर्धवट. बसचा लाल रंग किंचित नारिंगीकडे झुकलेला. समुद्रकिनाऱ्याच्या गाण्यात १:३८:२० ला पाण्यात चौकोन, सरासरी १८ मेगाबिट. श्रेयनामावली मऊ, ती मूळचीच. डीव्हीडी असली तरी घ्यावी."

ही वही जपून ठेवा. त्याच चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली की सगळा चित्रपट पुन्हा चाळायची गरज नाही. टिपलेल्या याच वेळा लावायच्या, त्याच खुर्चीत बसून, त्याच सेटिंगवर.